खोक्यावरचा ससा बघून लिपस्टिक घेऊ नका

आज दुकानात एका काकूंनी लिपस्टिक हातात घेऊन विचारलं, "यात प्राण्याचं काही नाही ना? आमच्याकडे चालत नाही." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, ससा आहे ना खोक्यावर, म्हणजे प्युअर व्हेज!" त्याच खोक्याच्या मागे, यादीच्या टोकाला, बारीक अक्षरात होतं: सीआय ७५४७०. हा रंगाचा क्रमांक, म्हणजे कारमाइन. कोचिनिअल किडे वाळवून त्यांच्यापासून काढलेला लाल रंग.

डोकंच फिरलं. त्या मुलीवर राग नाही, तिला शिकवलं तेवढंच ती सांगणार. राग खोकं छापणाऱ्यांचा येतो.

ससा ही क्रुएल्टी-फ्रीची खूण. आणि क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, बस. आत प्राणिजन्य काही नाही असा दावा असेल तर 'व्हीगन' लिहिलेलं हवं. सेरा आल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्धांश. हे दोन्ही असलेल्या लिप बामवरही ससा दिमाखात बसतो. आणि आपल्याकडे २०१४ पासून प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदीच आहे, चाचणी केलेला माल आयात करायलाही. मग इथल्या मालावर ससा छापून उपकार कसले सांगता? लीपिंग बनी या क्रुएल्टी-फ्री प्रमाणपत्राचं अधिकृत चिन्ह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत विचारणा होते. छोट्या, प्रामाणिक ब्रँडकडे ते नसेलही, मान्य. पण म्हणून कुठलाही ससा चिकटवायचा?

काकूंना खरं तर मागची बाजू वाचायला कुणीतरी शिकवायला हवं होतं. जास्त प्रमाणातला घटक आधी, कमी प्रमाणातला नंतर, असा क्रम असतो. १ टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही लावता येतात. खूण सोपी आहे: फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे माल खराब होऊ न देणारा घटक, शोधा. त्याची मर्यादा १ टक्का. त्याच्यानंतर केशराचा अर्क लिहिला असेल, तर समोर केशराचं कितीही मोठं चित्र असो, आत तो १ टक्क्याच्या वर नाही. रंग बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, अधिक-उणे चिन्हानंतर येतात. त्यांना हा क्रम लागू नाही. लिपस्टिक घेताना म्हणूनच यादी शेवटाकडून वाचायची.

'पॅराबेन-फ्री' वाचून हुरळून जाऊ नका. पॅराबेन हीसुद्धा प्रिझर्वेटिव्हच. पाणी असलेल्या क्रीमला प्रिझर्वेटिव्ह लागतंच, नाहीतर बुरशी धरते. पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह घातलं असेल तर ॲलर्जीचा धोका उलट वाढतो. युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते २०१७ पासून बंद आहे. 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड'मध्येसुद्धा चाचणी झाली एवढंच कळतं. निकाल काय लागला, ते छापलेलं नसतं.

आता सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. हायलायटर, आयशॅडोची चमक बहुतेकदा अभ्रकाची, यादीत मायका किंवा सीआय ७७०१९. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात लहान पोरं खाणींच्या ढिगाऱ्यातून हे वेचत आली आहेत. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. दरडी कोसळून माणसं मेली आहेत. सशाला इजा नाही म्हणून खोक्यावर चिन्ह, आणि त्या पोरांसाठी एक ओळ नाही!

यादीत सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट दिसलं तर तो कारखान्यात बनवलेला अभ्रक. मायका दिसला तर खोक्यावरच्या कस्टमर केअरच्या पत्त्यावर मेल टाका: कुठल्या खाणीतून येतो, तपासतं कोण? उत्तरात नुसतं 'आम्ही क्रुएल्टी-फ्री आहोत' आलं, तर तोच प्रश्न पुन्हा पाठवा.