उसना सोमवार

२७ एप्रिल २०२५ हा रविवार होता. माझा मोबाइल, भिंतीवरचं घड्याळ आणि चिपळूणला आईच्या स्वयंपाकघरात टांगलेलं कालनिर्णय, तिघांचं यावर एकमत आहे. तरीही त्या दिवशी सकाळी साडेअकराला, ७१ मीटर उंच बुद्धाच्या पायाशी घामाघूम उभी असताना, मला फोनवर अत्यंत शांत आवाजात सांगण्यात आलं, "बाई, आज सोमवार आहे."

मुळापासून सांगते.

पुण्यात बारा वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवून मी फेब्रुवारीत चीनमधल्या चेंगडूला आले. सिचुआन प्रांतातलं हे मोठं शहर, पांडा आणि तिखट या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एका शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात मी ए-लेव्हलचं गणित शिकवते. पहिल्या दिवशी ‘कुलकर्णी’ कोणाच्याच जिभेवर बसेना, तेव्हा त्याचं झालं ‘खू लाओशी’. लाओशी म्हणजे शिक्षक. खू म्हणजे काय, ते मात्र तुम्ही तो कसा हेलकावता त्यावर. सरळ ताणलात तर रडणे. खाली डुबकी मारून वर आलात तर कडू. वरून धप्पकन आदळलात तर कोठार, किंवा विजार. शाळेने कागदोपत्री मला कोठार केलं. मी स्वतः मात्र महिनाभर दर वर्गात जाऊन "नमस्कार, मी रडक्या बाई" अशी ओळख करून देत होते. पोरं इतकी शिस्तीची की एकही हसलं नाही. तासानंतर हसली असतील.

खरं तर उच्चारांत आपण मराठी माणसं इथे राजे आहोत. चिनीतला एक ‘च’ आपल्या चाकातला, चमच्यातला च आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचे इंग्रज गुरुजी तो साधण्यासाठी दातांतून हवा सोडून सोडून दमले. मला तो आजोळहून मिळालेला. ख, थ, फ तर काय, घरचेच. पण सुरांपाशी सगळं मुसळ केरात. एकाच अक्षराचे चार सूर. आपल्याकडेही ‘हं’ चार तऱ्हांनी म्हणतात: गणपतीच्या आरतीत लांबवलेला, "हं?" असा विचारलेला, सासूबाईंचा "हंऽऽ, कळलं हो" असा खाली जाऊन वर येणारा, आणि वडिलांचा "हं!" ज्यानंतर चर्चा संपते. फरक इतकाच की आपला ‘हं’ चुकला तर फक्त सासूबाई दुखावतात. इथे अख्खा शब्दच बदलतो.

तर, एप्रिलातला शुक्रवार. दुपारची वेळ. आमच्या शाळेत दुपारी झोप असते, म्हणजे खरीच झोप, वेळापत्रकात छापलेली. मुलं बाकावर डोकं ठेवतात, शिक्षक टेबलाखालून घडीची खाट काढतात आणि पाच मिनिटांत स्टाफरूमचा स्लीपर कोच होतो. मला अजून दुपारी सहकाऱ्यांसमोर आडवं व्हायची लाज वाटते, म्हणून मी फुलाफुलांच्या थर्मासमधलं गरम पाणी पीत बसते. (गरम पाणी हा इथला रामबाण. ताप आला, गरम पाणी प्या. पाय मुरगळला, तरी गरम पाणी प्या.) तेवढ्यात वीचॅटवर शिक्षकांच्या ग्रुपमध्ये सूचना येऊन पडली. चिनी अक्षरांची वीतभर लांब पट्टी. खाली लगेच टपटप उत्तरं सुरू झाली: शोउताओ. शोउताओ. शोउताओ. म्हणजे ‘मिळालं’. वाचलं, कळलं, पटलं यांपैकी कशाचीच हमी नाही, फक्त मिळालं. सदतीस जणांनी टाकल्यावर अडतिसावं मी टाकलं. भाषांतराचं बटण दाबायचं मनात होतं, पण लग्नाच्या पंगतीत सगळे उठले की आपणही उठतो, तसं झालं.

तरी खात्री करावी म्हणून खाटेवरून नुकत्याच उठलेल्या भूगोलाच्या बाईंना विचारलं, सूचना कसली? त्या वहाणा शोधत म्हणाल्या, "शिंगछीथ्येन बू-ख."

शिंगछीथ्येन म्हणजे रविवार. ख म्हणजे तास. आणि ‘बू’, वरून खाली आदळणारा, म्हणजे नाही. अडीच महिन्यांत मला पक्का येणारा तो एकच शब्द. शाकाहारी माणसाचा इथे सगळा संसार त्यावर चालतो. रविवारी तास नाही. मला वाटलं, रविवारी तास नसतो हे सांगायला वीतभर सूचना कशाला? पण आपल्याकडेही परिपत्रकं अशीच असतात. मी त्यांना "हाओ, हाओ" म्हटलं आणि त्याच बैठकीत त्या उंच बुद्धाच्या गावाचं, लेशानचं, तिकीट काढलं.

रविवारी सकाळी सातला मेट्रोत शिरले तर डबाभर शाळकरी मुलं. इथला गणवेश म्हणजे ढगळ ट्रॅकसूट. तो घालून, पाठीवर दप्तरं घेऊन, अर्धवट डोळ्यांनी उभी. मला पुण्यातले क्लास आठवले आणि भडभडून आलं. बिचारी! रविवारीसुद्धा यांना सोडत नाहीत! एका पोराला मी बसायला जागासुद्धा दिली. स्टेशनवर रविवार असून गर्दी बेताची. इथे तिकीट पासपोर्टवर निघतं. माझा पासपोर्ट यंत्राने नाकारला, माणसाने उलटासुलटा पाहून स्वीकारला, आणि तासाभरात मी लेशानला. माझ्या भाग्याचा मला हेवा वाटत होता.

सोमवारी माझा उपास असतो, त्यामुळे खादाडीची सगळी मोहीम रविवारी. लेशानच्या एका टपरीवर तोफूची लापशी मिळते, म्हणजे लुसलुशीत तोफू दाटसर कढीत सोडलेलं, वर लाल तिखटाचं तेल आणि ह्वाज्याव. ह्वाज्याव म्हणजे आपल्या तिरफळाची चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत आपण चार दाणे टाकतो, हे लोक मूठभर पूड घालतात. जीभ झिणझिणून दहा मिनिटं परकी होते. मांस नको म्हणायला "बू याव रोऊ" म्हणायचं असतं. मी म्हटलं, शिवाय हात हलवले, शिवाय मानही. बाईंनी बिनमांसाचं दिलं आणि मी दोन वाट्या हाणल्या.

मग बुद्ध. हायथोंग नावाच्या भिक्षूने ७१३ साली हा कडा कोरायला घेतला आणि काम पुरं झालं ८०३ मध्ये. तीन नद्यांच्या संगमावर नावा बुडायच्या, त्यांच्या रक्षणासाठी. कड्यातल्या अरुंद पायऱ्या मुंगीच्या पावलांनी उतरत खाली पोचले, मान मागे टाकून वर पाहिलं, आणि फोन वाजला. वर्गशिक्षिका.

"खू लाओशी, तुम्ही कुठे आहात?"

"बुद्धाच्या पायाशी," मी खरं तेच सांगितलं.

पलीकडे शांतता. त्यांना बहुधा वाटलं असावं की मला काहीतरी मोठं दुःख झालंय. मग अगदी हळुवारपणे, इंग्रजीत, शब्द सुटे करून त्या म्हणाल्या, "बाई, आज सोमवार आहे. चौथा तास तुमचा. मुलं वाट बघतायत."

तिथेच एका कठड्यावर बसून मी शुक्रवारच्या सूचनेवर भाषांतराचं बटण दाबलं. गणिताच्या बाईला हिशेब लगेच कळला, उपयोग शून्य. मे दिनाची सुट्टी १ ते ५ मे, पाच दिवस. त्यातले शनिवार-रविवार मुळात आपलेच. गुरुवार आणि शुक्रवार सरकारने खरोखर दिलेले; शुक्रवारचा तर २०२५ पासून नव्याने. उरला ५ मेचा सोमवार. तो उसना. आणि उसना म्हणजे घ्यायच्या आधीच फेडायचा, २७ एप्रिलच्या रविवारी, सोमवारचंच वेळापत्रक लावून. १९९९ पासून चीनमध्ये लांब सुट्ट्या अशा जोडून-तोडून बेततात आणि पुढच्या वर्षाची यादी आधीच जाहीर होते. देशभर कोट्यवधी लोक निमूटपणे रविवारी सोमवार पाळतात. सकाळच्या मेट्रोतली बिचारी मुलं शाळेत निघाली होती. बिचारी मी होते.

आणि बू? तो ‘नाही’वाला बू नव्हताच. दुसरा, डुबकी मारून वर येणारा बू म्हणजे भरून काढणे. बू-ख म्हणजे बुडलेला तास भरून देणे. मान वर करून मी त्या बुद्धाकडे बघितलं. त्याचा एकेक कान सात मीटरचा आहे. त्याला दोन्ही बू नक्की वेगळे ऐकू येत असणार.

पण थांबा, माझ्या कानावर अन्याय नको. मंगळवारी मी हे सगळं कहाणीसारखं स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा चिनी भाषेचे गुरुजी पोट धरून हसले आणि म्हणाले, तुमचं ऐकणं बरोबर होतं. तुम्ही ॲपवर शिकता ती पेइचिंगची प्रमाणभाषा. चेंगडूच्या बोलीत तो डुबकीवाला सूर डुबकी मारतच नाही. तो उंचावरून खाली पडतो, थेट प्रमाणभाषेतल्या ‘नाही’सारखा. आमच्या बाई पडल्या अस्सल चेंगडूच्या, त्यातून झोपेतून उठलेल्या. म्हणजे घाटावरच्या पाहुण्याने मालवणात येऊन पुस्तकी मराठीत रस्ता विचारावा, तसं झालं. मी आता सर्वांना सांगते, चूक माझी नव्हती, भूगोलाची होती. भूगोलाच्या बाईंना यातला विनोद समजावायला मला एक अख्खा तास लागला.

शाळेत कोणी रागावलं नाही. मुलांनी तो तास निमूट स्वाध्याय केला होता. फक्त बुडलेला तास भरून द्यायचा होता, बुधवारी संध्याकाळच्या अभ्यासिकेत. म्हणजे मी बुडवलेल्या बू-खचा बू-ख. फळ्यावर मी त्या दिवशी अनंत श्रेणी शिकवायला घेतली.

रविवारी रात्री नवाला आईचा फोन आला. चिपळूणला साडेसहा, दिवेलागण. मी सगळं सांगितलं. ती बुद्धावर काही बोलली नाही, तिकिटाच्या पैशांवरही नाही.

"म्हणजे आज तुझ्याकडे सोमवार?"

"हो. सरकारी."

"आणि तू सकाळी दोन वाट्या खाल्लंस."

"मला कुठे माहीत होतं, आई! आणि उद्या पुन्हा सोमवार आहेच की. तो खरा. उद्या धरते."

"आणि पाच तारखेला?"

"तो सोमवार आम्ही आज वापरून टाकला. त्या दिवशी सुट्टी."

आई थोडा वेळ गप्प होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

"सुट्टी तुला," ती म्हणाली. "महादेवाला कुठली?"