ब्रह्मवाक्य नेमकं कुठलं?

आम्ही कॅथलिक विचार करून मानतो, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतलं वाक्य जसंच्या तसं घेतो: ‘पोप बोलला की तुमच्यासाठी ते ब्रह्मवाक्य, मग विचार करून मानतो ही बढाई कशाला?’ टोमणा झकास आहे, पण नेम चुकलाय.

विमानात पत्रकारांना दिलेली उत्तरं, पोपनी लिहिलेली पुस्तकं, रविवारची प्रवचनं यांना अचूकत्वाचं, म्हणजे ‘ही शिकवण चुकूच शकत नाही’ या मान्यतेचं, कवच नसतं. 18 जुलै 1870 रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेत) ठरलं ते फार चिंचोळं आहे. सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ नि गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची शिकवण अख्ख्या ख्रिस्तसभेने (चर्चने) मानलीच पाहिजे असं पोप जाहीर करतात, तेवढ्यापुरतंच. त्यानंतर अशी उघड घोषणा एकदाच झाली: 1 नोव्हेंबर 1950, मरियामातेचं देहासह स्वर्गोन्नयन. (आमच्या वसईत 15 ऑगस्टला झेंडावंदन आणि या सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, एकाच दिवशी. सण मात्र घोषणेच्या शेकडो वर्षं आधीचा.) तुम्ही अशा अचूक घोषणांची यादी मागितलीत, तशी अधिकृत यादीच नाही.

पोप चुकतात का? बाविसावे जॉन घ्या. 1331 साली आव्हिन्योंमध्ये (आजच्या फ्रान्समधलं हे शहर, तेव्हा पोप तिथे राहत) प्रवचनांतून ते सांगू लागले की, पुण्यात्म्यांनासुद्धा अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं साक्षात दर्शन होत नाही. पॅरिसचे धर्मपंडित उघड विरोधात गेले. शेवटी डिसेंबर 1334मध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, नव्वदीला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याने कार्डिनलांना बिछान्याभोवती बोलावून शब्द मागे घेतले. त्यांच्या गादीवर आलेल्या बाराव्या बेनेडिक्टनी 1336 साली नेमकं उलट जाहीर केलं, आणि आम्ही आज तेच मानतो.

एक गोष्ट मात्र कबूल. अचूकत्वाच्या घोषणा सोडून उरलेलं सगळं ऐच्छिक, असा सूर माझ्या मूळ लेखात लागला होता. तो चुकीचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964मध्ये सांगितलंय की पोपच्या नेहमीच्या शिकवणुकीपुढेही मन नि बुद्धी नमवायची. 2018मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशीची शिक्षा अस्वीकार्य ठरवली. ती अचूकत्वाची घोषणा नव्हे. म्हणून ‘पटत नाही बुवा’ म्हणत पान उलटायची मोकळीक मला मिळत नाही. वाचायचं, फादरांशी वाद घालायचा, पुन्हा वाचायचं. हे चाललंय माझं. पण टीव्हीवर एखाद्या नराधमाच्या खटल्याचा निकाल येतो तेव्हा पहिल्या क्षणी माझ्या तोंडून जे निघतं, ते पोपना ऐकवण्याजोगं नसतं.