विठोबाकडे जाताना बायोडेटा जवळ ठेवावा

माणसाची किंमत टक्केवारी, हुद्दा आणि पॅकेज यांवर ठरते, हे तुम्हांला दहावीच्या निकालाच्या दिवशीच पटलेले आहे. त्या दिवशी पेढे पाव किलो आणायचे की दोन किलो, हेसुद्धा घरच्यांनी गुणपत्रिका पाहूनच ठरवले होते. पुढे हाच नियम लग्न जुळवताना आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनतक्रार चालला, तेव्हा देवाच्या दारीही तो चालतो असे धरून वागावे. फक्त पंढरपूरपासून जरा सावध राहावे. तिथला कारभार या बाबतीत फार ढिला आहे: प्रेम आगाऊ देऊन टाकतात आणि कामगिरी नंतरही कोणी तपासत नाही. अशा ठिकाणी वारंवार जाणाऱ्यांना अप्रेझलच्या आठवड्यातही शांत झोप लागते, ही गोष्ट करिअरच्या दृष्टीने चांगली नव्हे.

मुळात त्या देवाची माणसे निवडण्याची रीतच संशयास्पद आहे. तो भेटायला आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. त्याने उठण्याची तसदी न घेता एक वीट भिरकावली आणि तिच्यावर थांबायला सांगितले. कोणत्याही साहेबाने अशा माणसाच्या गोपनीय अहवालात काय शेरा मारला असता, हे तुम्ही जाणताच. हा मात्र कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे. नामदेवांच्या घरची दासी असलेल्या जनाबाईबरोबर तो दळायला बसला, आणि एका रात्री तर स्वतःचे रत्नजडित पदक तिच्या खोपटात विसरून, तिचीच वाकळ पांघरून राउळात परतला, अशी कथा सांगतात. तुमची पदके दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ओळीने लावलेली असणार. ती त्याला जरूर दाखवावीत, पण त्याच्याकडे सांभाळायला देऊ नयेत.

तुकाराम महाराजांचे उदाहरण तर व्यापारी घरातल्या मुलांच्या कानांवरसुद्धा पडू देऊ नये. दुष्काळात धंदा बसला, हे एक वेळ समजू शकते. पण लोकांकडची येणी वसूल करायची सोडून आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, आणि देवाने त्याबद्दल साधा खुलासाही मागितल्याचे ऐकिवात नाही.

पात्रतेचे निकष काटेकोरपणे पाळले ते माणसांनी, याची मात्र नोंद घ्यायला हवी. चोखोबांना त्यांनी देवळाबाहेरच ठेवले. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना त्या दारातून आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. छाननीला सहाशे वर्षे लागली, पण घाई केली नाही! विठोबाला तेवढा धीर नव्हता; तो परस्पर चोखोबांच्या घरी जाऊन जेवून आला, असे भाविक सांगतात.

इतके सांगूनही वारीला निघालातच, तर वाटेत एखादा अनोळखी माणूस 'माउली' म्हणत तुमच्या पायांवर डोके ठेवील. त्याने तुमचा हुद्दा विचारलेला नसतो, ही चूक त्याची आहे. तुम्ही गोंधळून उलट वाकू नये, व्हिजिटिंग कार्ड पुढे करावे. पदस्पर्शाच्या रांगेत पायांवर कपाळ टेकते न टेकते तोच तुम्हांला पुढे सरकवले जाते, त्यामुळे नाव, पद, पॅकेज, दुसरा फ्लॅट आणि चिरंजीवांचे जेईईचे पर्सेंटाइल एका दमात म्हणण्याचा सराव घरूनच करून जावा. तुमच्या पुढची म्हातारी 'आले रे बाबा' एवढेच म्हणून समाधानाने बाजूला होईल. तिचे पाहून गाफील राहू नये. तिने बायोडेटा आणलेलाच नसतो.

आषाढीच्या गर्दीत ज्यांना आत जायला मिळत नाही, ते कळसाला हात जोडतात आणि शेतीची कामे खोळंबली म्हणून आल्या पावली गावाकडे वळतात. वारकरी त्यांचीही वारी पुरी झाली असे मानतात. आमदारांच्या चिठ्ठीवर आत शिरून घेतलेले तुमचे दर्शन आणि त्यांचा तो कळस जर एकाच मापाने मोजला जाणार असेल, तर योग्य त्या ठिकाणी लेखी तक्रार अवश्य करावी. अर्जात हुद्दा ठळक अक्षरांत लिहावा.