निर्माता म्हणजे नुसता पैसेवाला? आधी हिशेब बघा

‘मराठी नाटक-सिनेमाचा निर्माता म्हणजे चेक फाडणारा शेठ. राबतात दुसरे, हाऊसफुल्लचा गल्ला जातो याच्या खिशात, वर सरकारी अनुदान आहेच.’ अशा आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं एकेक वाक्य घेऊ.

‘तो फक्त पैसे लावतो.’ प्रताधिकार कायदा, 1957 मधल्या चित्रपट-निर्मात्याच्या व्याख्येत पैशाचा उल्लेखच नाही. कलाकृती घडवण्यासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलतो, तो निर्माता. पैसा कर्जाचा असो की भागीदाराचा, घेणेकरी दार ठोठावतात ते त्याचंच. शिवाय निर्माता नुसता पैसेवाला नसतो: ‘चंद्रलेखा’ या नाट्यसंस्थेचे निर्माते मोहन वाघ मूळचे छायाचित्रकार, संस्थेच्या नाटकांचं नेपथ्यही ते करत. प्रभाकर पणशीकरांनी 1963 मध्ये ‘नाट्यसंपदा’ ही नाट्यसंस्था काढली ती ऐन नटपणाच्या काळात.

याच कायद्यात नाटक आणि सिनेमाच्या वाटा वेगळ्या होतात. करारात वेगळं ठरलं नसेल, तर चित्रपटाचा हक्क निर्मात्याकडे असतो आणि प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो. नाटकाची संहिता मात्र लेखकाची. निर्मात्याला मिळते ती प्रयोगांची परवानगी, तीही करारातल्या मुदतीपुरती. प्रयोगांचे हक्क घेतले म्हणजे सिनेमाचेही आलेच, असं धरून चालणारे इथेच फसतात. ते वेगळे लिहून घ्यावे लागतात.

‘हाऊसफुल्ल म्हणजे नफा.’ समजण्यापुरते आकडे धरू. 900 खुर्च्या, 500, 400 आणि 300 रुपयांच्या प्रत्येकी 300. सगळ्या विकल्या तर 3,60,000 रुपये. नाट्यगृहाचं भाडं, वृत्तपत्रातली जाहिरात, कलाकारांच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची मंडळी, सेटचा टेम्पो, बस, लेखकाचं मानधन, ऑनलाइन बुकिंगचं कमिशन मिळून 1,80,000 गेले, असं माना. नाटक उभं करायला 25 लाख लागले असतील, तर ते फिटायला सलग 14 प्रयोग तुडुंब जायला हवेत. पावसाळी बुधवारी 250 माणसं आली तरी खर्च जवळपास तेवढाच, म्हणजे त्या दिवशी खिशातून भर. शिवाय कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे दुसऱ्याने ठरलेल्या रकमेला विकत घेतलेला प्रयोग असेल तर निर्मात्याला तेवढीच रक्कम मिळते. गर्दीचा फायदा कॉन्ट्रॅक्टरचा. बाहेर लागलेल्या हाऊसफुल्लच्या पाटीवरून हे कळत नाही.

नाटकाचं 500 रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे, हे खरं. पण म्हणूनच जाहिरात, छपाई वगैरेंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्चातच जिरतो.

‘बाकी सगळं व्यवस्थापक बघतो.’ धावपळ तो करतो, हे मान्यच. पण संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झाल्याशिवाय जाहीर प्रयोग करता येत नाही, आणि त्या कागदामागे उभा असतो निर्माता. तारखांचं तर विचारूच नका. नाट्यगृहाची शनिवार-रविवारची सत्रं मोजकी, मागणारे अनेक, आणि प्रमुख नट मालिकेच्या चित्रीकरणात. नाट्यगृहाची तारीख आणि नटाची तारीख जुळली नाही तर घेतलेलं सत्र परत करावं लागतं. उशिरा केलं तर भाड्यावर पाणी. चालतं नाटक दोन-तीन आठवडे बंद राहिलं की लोकांना ते संपलंच असं वाटतं.

‘अनुदान असताना तोटा कसला?’ मराठी चित्रपटाचं अनुदान चित्रीकरणाआधी हातात पडत नाही. सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग सरकारी समितीपुढे परीक्षण, आणि ती ठरवेल तो दर्जा. दर्जा मिळाला नाही तर काहीच नाही. मिळाला तरी तोवर कर्जाचं व्याज चालूच. बरं, सिनेमा तयार झाला म्हणजे पडदा मिळाला असंही नाही. लोकनाट्यातून आलेल्या दादा कोंडके यांनी 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ काढला, तेव्हा दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहात तो लावून घेण्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावं लागलं. तो सिनेमा पुढे तुफान चालला म्हणून किस्सा झाला. लागलाच नसता, तर नुकसान निर्माते म्हणून दादांचंच होतं.