रात्री आपोआप रीस्टार्ट झालेल्या संगणकाबद्दल

नमस्कार. आमच्याकडून विंडोज ११ टाकून नेलेला तुमचा संगणक रात्री अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट झाला आणि ९ तासांचं रेंडरिंग, म्हणजे संगणकाने एकेक फ्रेम तयार करून व्हिडिओ बनवण्याचं काम, वाया गेलं, असं तुम्ही लिहिलंय. फोन केल्यावर आमच्या माणसाने "अपडेट तर लागतातच" म्हणून विषय संपवला, हेही वाचलं. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो.

चूक आमचीच. ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळात विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही तो काळ, आम्ही ऑफिसवाल्यांना लावतो तसा सकाळी ८ ते संध्याकाळी ५ लावून दिला. तुम्ही रात्री काम लावून झोपता का, हे विचारायला हवं होतं.

तो काळ जास्तीत जास्त १८ तासांचाच ठेवता येतो. उरलेले ६ तास उघडेच राहतात, त्यामुळे रात्रभराच्या कामाला एवढ्यावर विसंबू नका. मोठं रेंडर लावण्याआधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन अपडेट आठवडाभर पॉज करा. आधीच बसलेलं अपडेट रीस्टार्टची वाट पाहत असेल, तर तो रीस्टार्ट उरकूनच काम सुरू करा. तुमची आवृत्ती प्रो आहे, म्हणून ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या जास्तीच्या नियमांच्या सेटिंग्जमधून, लॉग-इन असताना होणारा आपोआप रीस्टार्टही थांबवता येतो. मात्र त्यासाठी अपडेट ठरावीक वेळी बसवण्याचा पर्याय निवडावा लागतो आणि लॉग-इन राहावं लागतं. स्क्रीन लॉक केली तर चालते, साइन-आउट नको.

अपडेट कायमचे बंद करून द्या, ही तुमची मागणी मात्र मी मान्य करणार नाही. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट आलं होतं. मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून पसरला आणि अपडेट न टाकलेल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. तुमच्याकडे वर्षानुवर्षांचं काम साठलेलं आहे, ते मी असं उघड्यावर सोडणार नाही.

संगणक घेऊन या, हे सगळं मी स्वतः बसून लावून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. तोवर रेंडर एका सलग व्हिडिओ फाइलऐवजी इमेज सिक्वेन्समध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल करून, काढा. मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि काम तिथून पुढे सुरू करता येतं.