‘शाळेत आता रील शिकवणार म्हणे!’ त्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

गेले काही आठवडे सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो तीन ग्रुपमधून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘शाळेत आता पेपर, जाहिराती आणि इन्फ्लुएन्सर शिकवायला लागलेत. हा अभ्यास नाही, टाइमपास आहे. परीक्षेत याला मार्क नाहीत. मुलांना मोबाइलमधलं शिक्षकांपेक्षा जास्त कळतं. रीलवाल्यांना वर्गात आणून मोठं करू नका. आम्हाला पेपर वाचायला कुणी शिकवलं नव्हतं, आमचं काय बिघडलं? कामगारांच्या पोरांना गणित आणि इंग्रजी शिकवा.’ आणि शेवटी, ‘सहमत असाल तर पुढे पाठवा.’

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. दर बुधवारी शेवटच्या तासाला नववीच्या वर्गात मी नेमकं हेच करते. तेव्हा उत्तर देणं माझ्यावरच आलं.

आधी मार्कांचं बघू. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात जाहिरात लेखन आणि बातमी लेखन आहे. बारावीच्या पुस्तकात मुलाखत आहे, माहितीपत्रक आहे, वृत्तलेख आहे. म्हणजे मुलांनी जाहिरात लिहावी, शब्द लक्षवेधी असावेत, मांडणी आकर्षक असावी, हे आपण शिकवतो आणि त्याला मार्कही देतो. मग दुसऱ्याच्या लक्षवेधी शब्दांनी आपलं लक्ष वेधलं गेलं की काय करायचं, एवढंच शिकवलं तर तो टाइमपास कसा?

‘मुलांना जास्त कळतं’ हे मात्र नीट बोलायला हवं, कारण सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. वर्गात मी फोन काढत नाही. एखाद्या रीलमधलं बोलणं जसंच्या तसं फळ्यावर लिहून काढते. एका बुधवारी केसांच्या तेलाचं रील घेतलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. पण फळ्यावर लिहायला बसले तर अर्धा फळा भरला. ‘आधी मलाही वाटलं होतं की हे खोटं असेल’, ‘मी स्वतः तीन महिने वापरलंय’, ‘कुणाला सांगणार नव्हते, पण तुम्ही माझे आहात म्हणून सांगते’, ‘ऑफर फक्त आज’, ‘लिंक बायोमध्ये’. हे रील वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी पाहिलेलं होतं. काहींच्या घरी ते तेल आलेलंही होतं.

वाक्यं फळ्यावर आल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात. ती म्हणाली, “बाई, हिनं ‘मी स्वतः’ चारदा म्हटलंय. आमच्या आईला कारखान्यात कोण स्वतःहून इतक्यांदा सांगत असलं तर आई म्हणती, ह्याला काहीतरी विकायचंय. ही पैसे घेऊन बोलतीय की ओ!”

हे तिला आधीपासून कळत होतं का? आईचं शहाणपण तिच्या घरात होतंच. पण ते फोनच्या पडद्यालाही लागू होतं, हे तिला त्या दिवशी फळ्यासमोर दिसलं. बोट सरकवायचा वेग हे मुलांचं कौशल्य आहे, आणि त्यात मी त्यांच्यापुढे काहीच नाही. पण बोट थांबवून ‘हे मला कोण सांगतंय आणि त्याला त्याचे पैसे कोण देतंय’ असं विचारणं हे वाचन आहे, आणि वाचन शिकवणं माझं काम आहे.

रीलवाल्यांना मोठं केल्याचा आरोपही आहे. त्यांना मोठं करायला शाळेची गरज नाही, ते घराघरात आधीच पोचलेत. वर्गात आम्ही त्यांना लागू असलेले नियम वाचतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या: पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सहल घेतली असेल तर ते स्पष्ट सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही, व्हिडिओ असेल तर दाखवायचंही आणि बोलायचंही. फसवी जाहिरात केली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिफारस करायलाच बंदी येऊ शकते. हे वाचल्यावर मुलं घरी जाऊन आपल्या आवडत्या ताई-दादांची रीलं तपासतात. कुणाचं ‘पेड पार्टनरशिप’ बारीक अक्षरात कुठे लपलंय ते शोधून मला सांगतात. भुललेली मुलं असं करत नाहीत.

आता ‘आमचं काय बिघडलं’ याकडे येते. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो.

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते, रीलं नव्हती, आणि रांगेत रोज पेपर वाचणारी माणसंही उभी होती. त्याच्याही आधी, १९५४ सालीच सरकारला जादूच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या वाडवडिलांना हे सगळं आपोआप कळत असतं तर तो कायदा कशाला लागला असता?

आणि पेपर तरी आपण नीट वाचत होतो का? आम्ही वर्गात एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी घेतो. पाच पानं शुभेच्छांच्या जाहिराती, आणि मधोमध त्याच नेत्याच्या कार्याचा गौरव करणारा लेख. मुलं पट्टी घेऊन बसतात, जाहिरातीची जागा मोजतात, मग लेखात एक तरी उणं वाक्य आहे का ते शोधतात. कुठल्या बातमीवर ‘वाणिज्य प्रतिनिधी’ असं आलंय, ते का, हे विचारतात. २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’चा एवढा गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. ज्या बातम्या पैसे देऊन छापल्या गेल्या, त्या वाचणारे आपणच होतो.

मग मी मुलांना शेवटच्या पानाच्या तळाशी नेते. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईचा पत्ता असतो. १८६७ च्या कायद्यापासून हे बंधन आहे. छापलेल्या शब्दाला कुणीतरी जबाबदार असतं, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. सोलापुरात तर ही ओळ फार जड आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवत. चार पुतळ्यांवरून रोज शाळेला येणाऱ्या पोरांना हे ठाऊक नव्हतं.

ही ओळ दाखवून झाल्यावर मी फिरणारा तो मेसेजच फळ्यावर लिहिला. पहिला प्रश्न एका मुलाने विचारला, “खाली नाव कुणाचं आहे?” कुणाचंच नाही. कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात, काय शिकवलं, तेही नाही. फक्त ‘पुढे पाठवा’.

पुढे पाठवल्याने काय होतं, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला कळायला हवं? १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या काळात मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. देशात फिरलेला त्यातला एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवरचे लोक उचललेलं मूल परत आणून ठेवतात. फिरलेल्या व्हिडिओत तो शेवट कापलेला होता. जाहिरात कशी बनते, तिचा शेवट कुठे असतो, तुकडा कसा कापतात, हे मुलांना कळणं टाइमपास आहे असं मंगळवेढ्यात जाऊन कुणी म्हणून दाखवावं.

त्याच वर्षी केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यात सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास सुरू झाले. लसीकरणाविरुद्धच्या अफवांनी तिथलं प्रशासन हैराण झालं होतं. फिनलंडमध्ये हे बालवाडीपासून शिकवतात, ब्रिटनमध्ये शाळेच्या परीक्षेत ‘मीडिया स्टडीज’ म्हणजे माध्यमांचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. पण मला इतक्या लांब जायची गरज नाही.

राहिलं कामगारांच्या पोरांचं. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील यंत्रमागावर आहेत, विडी कारखान्यात आहेत, भाजीच्या गाड्यावर आहेत. फसवणूक त्यांनाच सगळ्यात महाग पडते. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या रमीच्या जाहिराती पेपरात, टीव्हीवर, बड्या नटांच्या तोंडून वर्षानुवर्षं चालल्या आणि शेवटी ‘यात आर्थिक जोखीम आहे’ हे वाक्य सुसाट वेगात म्हटलं जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला. तोवर कुणाकुणाच्या घरातला आठवड्याचा पगार गेला, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक. पेपरात वकिलांच्या ‘जाहीर नोटीस’ येतात, बारीक टायपात. अमुक गट नंबर, अमुक क्षेत्र, हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे, नंतरची हरकत मान्य होणार नाही. त्या मी मुद्दाम वाचून घेते. शिकलेल्या घरांतही ती पानं उलटून टाकतात. ज्याची अर्धा गुंठा जागा आहे त्याच्या पोराला ती नोटीस वाचता आली पाहिजे.

आणि सोलापुरी चादर! आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं. तरी ऑनलाइन ‘सोलापुरी’ म्हणून काय काय विकलं जातं, ते मागवून बघा. ज्यांच्या घरात माग खडखडतो त्या पोरांनी पडद्यावरचे फोटो बघून वीण वेगळी असल्याचं सांगितलं. हे मला कळलं नसतं.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मला मान्य आहे, ती उघडपणे म्हणते. शिक्षकांवर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं यांचा बोजा आधीच इतका आहे की आणखी एक विषय, आणखी एक पुस्तक, आणखी एक परीक्षा आली तर हे सगळं मरेल. मला नवा विषय नकोच आहे. भाषेच्या तासाला आठवड्यातून चाळीस मिनिटं पुरतात. गणित, इंग्रजी त्यातून कमी होत नाही. उलट ‘ऐंशी टक्क्यांपर्यंत सूट’ यातल्या ‘पर्यंत’चा अर्थ आमच्या गणिताच्या सरांनीच फळ्यावर उदाहरण सोडवून समजावला.

या बुधवारी पहिल्या पानावरच्या पानभर जाहिराती घ्यायच्या आहेत आणि त्यांच्यामागे ढकललेल्या बातम्या. त्यासाठी एकाच तारखेचे वेगवेगळे पेपर लागतात. मराठी असोत, कन्नड, तेलुगू, उर्दू असोत, चालतील. महिन्याची रद्दी घालण्याआधी पालकांनी मुलांच्या दप्तरात एक-दोन अंक द्यावेत. पुरवण्या काढू नका, त्याच जास्त लागतात.