बावीस मुले, दोन शिक्षक आणि एक फसवा भागाकार

जिल्हा परिषदेच्या शाळांविषयीचा एक मजकूर सध्या सांगली जिल्ह्यात मोबाईलवरून फिरत आहे. सरकारी शाळेत अकरा मुलांमागे एक शिक्षक असतो आणि खासगीत चाळिसांमागे एक. शिक्षकांना लाखभर पगार आणि निम्मे वर्ष सुट्टी. तरीही मुलांना वाचता येत नाही. त्यावर दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांची खोगीरभरती. तेव्हा छोट्या शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत न्यावीत, असा त्याचा सारांश. आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी आक्काने फोन करून विचारले, "पोरीला गावच्या शाळेतून काढून विट्याला इंग्रजी शाळेत घालूया का?" शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून त्या शाळेत माझे नेहमी जाणे असते, म्हणून हे उत्तर.

अकरास एक हा आकडा खोटा नाही. आमच्या शाळेचा पट बावीस आहे आणि शिक्षक दोन आहेत. पाटण किंवा जावळीच्या डोंगरात तर याहून कमी मुलांच्या शाळा आहेत, हेही मान्य. परंतु ही बावीस मुले चार इयत्तांची आहेत, हे मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळले आहे. पहिलीत सहा, दुसरीत चार, तिसरीत पाच, चौथीत सात. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. तिसरीला हातच्याची वजाबाकी फळ्यावर सुरू असते, तेव्हा चौथीला भागाकाराची उदाहरणे देऊन मान खाली घालायला लावलेली असते. खासगी शाळेतील चाळीस मुले एकाच इयत्तेची, एकाच धड्यावर असतात. पटाला शिक्षकसंख्येने भागल्यावर येणारा आकडा वर्गात कुठेच बसलेला नसतो.

गेल्या महिन्यात मी पोषण आहाराचे साहित्य पाहायला गेलो, त्या दिवशी गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. राहिलेल्या बाईंसमोर चारही इयत्ता एकाच खोलीत होत्या. पहिलीची मुले मण्यांच्या माळेवर दशक मोजत होती आणि चौथीतला एक मुलगा दुसरीला पाढे म्हणायला लावत होता. तेवढ्यात खिचडी झाल्याचा निरोप आला. ती वाढण्यापूर्वी चाखायची, चव नोंदवहीत सही करायची आणि जेवणाऱ्या मुलांची संख्या मोबाईलवर भरायची, ही कामेही बाईंचीच. या शाळेला कारकून नाही आणि शिपाईही नाही. कुलूप काढण्यापासून दाखल्याच्या नोंदीपर्यंत सगळे त्या दोघांवर, आणि त्यांपैकीच एक जण प्रभारी मुख्याध्यापक.

दोन शिक्षक ही कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन, 61 ते 90 पर्यंत तीन, 91 ते 120 पर्यंत चार आणि 121 ते 200 पर्यंत पाच शिक्षक, असे प्रमाण दिलेले आहे; 150 च्या वर पट गेला तरच त्यांखेरीज मुख्याध्यापक मिळतो. म्हणजे साठ मुलांची शाळाही दोघांनीच चालवायची, आणि त्या शाळेविषयी मजकुरात चकार शब्द नाही.

निम्मे वर्ष सुट्टी या आरोपाला त्याच परिशिष्टात उत्तर आहे : प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांना देण्याची मुभाही याच कायद्याच्या 27 व्या कलमाने ठेवली आहे, त्यामुळे मतदार यादी घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरणारा माणूस बहुधा शाळेचा मास्तरच असतो. पगाराविषयी एवढेच की, नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो आणि त्याचे मानधन 2023 मध्ये वाढूनही महिना 16,000 रुपये झाले.

वाचता येत नाही, हे मात्र काही मुलांच्या बाबतीत खरे आहे. चौथीत जोडाक्षराला अडखळणारी मुले आमच्याही शाळेत आहेत, आणि तासाला मोबाईल पाहत बसणारा शिक्षक मी पाहिलेलाच नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी परराज्यांत असतात. यंदा दिवाळीनंतर तिसरीत आलेल्या मुलीला तमिळ वाचता येत होते, देवनागरी नाही. तिला पहिलीच्या अक्षरांपासून शिकवायचे, म्हणजे त्या खोलीत आणखी एक इयत्ता वाढली.

सर्वांत संतापजनक आहे ती विशेष शिक्षकांवरची ओळ. आमच्या शाळेत श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा आहे. त्याला पुढच्या रांगेत बसवणे, त्याच्याकडे तोंड करून बोलणे आणि यंत्राची बॅटरी उतरली की ओळखणे, एवढे आमच्या बाई करतात. त्यापुढचे काम प्रशिक्षित माणसाचे आहे आणि तो माणूस अनेक शाळा सांभाळत ठरल्या दिवशी येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितले. खोगीरभरती म्हणणाऱ्याने तो शिक्षक आधी आमच्या गावात रोज आणून दाखवावा.

राहिला शाळा बंद करण्याचा सल्ला. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा महाराष्ट्राचा नियम आहे. आमच्या जवळची मोठी शाळा तीन किलोमीटरवर, ऊस वाहतुकीच्या रस्त्यापलीकडे आहे. पहिलीच्या सहा मुलांपैकी चौघांचे आईवडील सकाळी सातलाच कामाला बाहेर पडतात, आणि पोराला सोडायला घरात उरते ती गुडघे धरून चालणारी आजी.